तिसऱ्या खुर्चीवरची विद्यार्थिनी

नागपूरला गेले की ओळखीपाळखीचे लोक विचारतात, "अमेरिकेत या वयात तू करतेस तरी काय?" मी सांगते, "मुलांना शब्दांचे अर्थ शिकवते." समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघतो आणि हमखास म्हणतो, "पण अर्थ तर आता फोनवर दिसतो ना?" दिसतो. फोनवर जेवणाचे फोटोही दिसतात. त्याने कोणाचं पोट भरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा आधी माझा धंदा समजावून सांगते. चँडलर हे ॲरिझोनातलं, फिनिक्सला चिकटलेलं गाव. इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत आपली पुष्कळ मुलं इंजिनिअर आहेत. माझा मुलगाही होता. त्याच्या आग्रहावरून नागपूरच्या शाळेतली माझी नोकरी संपल्यावर आम्ही दोघं नवराबायको इथे आलो. पुढे हे गेले. मुलाला मोटारींच्या कंपनीत काम मिळालं आणि तो नोव्हायला, मिशिगनला निघाला. मीही गेले, तिथला बर्फ दोन हिवाळे सोसून बघितला आणि म्हटलं, बाबा रे, मला माझ्या उन्हात परत सोड. नागपूरच्या माणसाला चँडलरचं ऊन परकं वाटत नाही. तेवढं एकच इथे मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं होतं.

या देशात मूल शाळेत न घालता घरी शिकवता येतं. इथल्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला, एकदा रीतसर कळवलं की झालं. कोणी धर्मासाठी घरी शिकवतं, कोणी मूल फार हुशार म्हणून, कोणी मूल शाळेत कोमेजलं म्हणून. आपल्या आया गणित-विज्ञानात कोणाला हार जात नाहीत. गाडी अडते ती शब्दांपाशी. कारण घरी शिकणाऱ्या मुलाला पुस्तकं भरपूर मिळतात आणि माणसं मोजकी. शाळेतलं मूल डबा खाताना, भांडताना, रांगेत ढकलाढकली करताना शब्द उचलतं. घरातल्या मुलाला तेच शब्द आई कार्डांवर लिहून देते. मूल व्याख्या पाठ करतं, आणि तो शब्द कोणाजवळ, कधी वापरायचा, हे त्याला कळतच नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात. कोणी मला ट्यूटर म्हणतं, कोणी कोच. मुलं मावशी म्हणतात, तेच मला बरं वाटतं.

माझा पहिला गाजलेला विद्यार्थी ईशान. आठ वर्षांचा. आईने शब्दांच्या कार्डांचा एवढा गठ्ठा पाठ करून घेतला होता की तो हातात घेतल्यावर पत्ते पिसायला बसल्यासारखं वाटे. मी विचारलं, "शेजारी म्हणजे काय रे?" त्याने डोळे मिटून सुरेख व्याख्या म्हटली. "तुझ्या शेजाऱ्याचं नाव काय?"

"मावशी, वी डोन्ट नो देम."

मी त्याला उठवलं आणि माझ्या शेजारच्या वॉल्टरच्या दारात उभं केलं. वॉल्टर एकटा राहणारा म्हातारा. त्याच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे. नागपूरच्या बाईला संत्रं देऊन खूश करणं सोपं नाही आणि वॉल्टरचं संत्रं तर अगदीच बेताचं, पण हे त्याला अजून मी कळू दिलेलं नाही. त्या दिवशी त्याने ईशानला पिशवीभर संत्री दिली आणि म्हणाला, घेऊन जा बाबा, मी थकलो खाऊन. घरी आल्यावर मी ईशानशी आमचा खेळ खेळले. शब्द होता 'जास्तीचं'. मी म्हटलं, "झाडाला लागतं तेव्हा आवडतं, जमिनीवर पडायला लागलं की नकोसं होतं." ईशान विचार करून म्हणाला, "अँड यू नीड अ नेबर फॉर इट." कुठल्याही शब्दकोशात मला हे वाक्य सापडलं नसतं. त्या आनंदात मी ती आंबट संत्रीसुद्धा खाल्ली.

या खेळाला मी वळसा म्हणते. एकाने मनात शब्द धरायचा आणि त्याचं नाव न घेता त्याच्याभोवती फिरून सांगायचं. दुसऱ्याला तो सापडला तरी त्यानेही नाव घ्यायचं नाही. आपल्या पदरची एक गोष्ट त्यात घालायची. ती चपखल बसली की दोघांनाही समजतं. नुसतं ओळखलं म्हणजे अर्थ कळला असं मी मानत नाही. पदरचं काहीतरी घालता आलं तर तो शब्द तुझा. भाषा कुठलीही चालेल, आणि हातवारेही चालतील.

खेळ माझा असला तरी खोड वडिलांची. नागपूरला आमच्या वस्तीत सभा असली की ते मला पुढे बसवायचे आणि घरी येताना विचारायचे, "ते काय म्हणाले?" मी मोठमोठे शब्द फेकले की म्हणायचे, "समजल्याशिवाय मान डोलवायची नाही. आपल्या लोकांनी फार मान डोलवली आजवर." एकेक शब्द ते माझ्याकडून घरातल्या भांड्याकुंड्यांत, विहिरीवरच्या पाण्यात शोधून घ्यायचे. आज त्यांच्याएवढी झाले तरी तो रस्ता, ते बोट आणि तो प्रश्न आठवला की जीव कासावीस होतो. मला पुन्हा एकदा कोणीतरी विचारावं, ते काय म्हणाले?

रेवा माझ्याकडे आली ती एका चौदा एप्रिलच्या कार्यक्रमातून. आम्ही इथे भाड्याचा हॉल घेऊन जयंती करतो. जेवणाच्या रांगेत सुजाता भेटली. "जय भीम मावशी. माझ्या मुलीला घ्याल का?" सुजाता मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे स्वतःला नोकरी करता येत नाही. नवरा नीलेश चिपच्या कारखान्यात. त्यांची एकुलती एक रेवा नऊ वर्षांची. शाळेत बाईंनी काही विचारलं की ती खाली बघत उभी राहायची. शेवटी सुजाताने तिला घरी घेतलं.

"व्होकॅब्युलरी स्ट्राँग करायची आहे," सुजाता म्हणाली. "स्पेलिंग कॉम्पिटिशन आहे. घरी आम्ही मराठी बंदच केली सध्या. कन्फ्यूज होते ना ती."

ही चूक इथे आपल्याच घरांत होते, आणि चांगल्या मनाने होते. एका खोलीत पाहुणे मावत नाहीत म्हणून दुसरी खोली रिकामी करायची, तसं ते एक भाषा हलवून दुसरीला जागा करतात. मी तेव्हा एवढंच म्हटलं, उद्या आठला पाठव. आयांना पहिल्या दिवशी शिकवायला गेलं की मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, हा अनुभव आहे.

माझी शाळा मागच्या अंगणातल्या छपराखाली भरते. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, आणि भिंतीला एक जुना कूलर. एसीच्या गावात माझा कूलर म्हणजे करमणूक आहे. पण मी नागपूरहून वाळ्याचं गवत आणून त्याच्या जाळीत भरलं आहे, आणि पाणी पडलं की जो वास सुटतो त्यासाठी मी कोणाचंही हसणं सहन करते.

रेवा पहिले काही दिवस त्या खुर्चीत पाहुणीसारखी बसली. इंग्रजी शब्द तिला असे यायचे की मलाच आत जाऊन शब्दकोशात बघावे लागत. पण वळसा घाल म्हटलं की गप्प. एक दिवस कूलर चालू केला, तशी ती उठली, त्याच्यासमोर तोंड धरलं आणि "आऽऽ" केलं. पंख्याने आवाज थरथरवला. ती हसली. मग रोजचंच झालं. आधी कूलरशी बोलायचं, मग माझ्याशी.

त्याच सुमारास नागपूरला नीलेशच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले, शब्द मात्र परतले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, नेमका शब्द हाताला लागत नाही. नीलेशला जावंसं वाटत होतं, पण व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी. तिकडे गेलो आणि परत येता आलं नाही तर नोकरी, घर सगळंच अडकणार. रेवा जन्मल्यापासून याच भीतीने तिघं एकदाही भारतात गेले नव्हते. इथे ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. निम्म्या घरांत अशी एक आजी आहे.

फोनवर आजी आणि नात समोरासमोर यायच्या. आजीला शब्द सापडत नव्हते आणि नातीची मराठी आम्ही मोठ्यांनी काढून घेतली होती. रेवा "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. एकदा मला म्हणाली, "शी डझन्ट से माय नेम एनीमोअर." पूर्वी आजी फोन लागल्या लागल्या "रेवाऽऽ" अशी लांब हाक मारायची. एवढीच हाक त्या मुलीला परत हवी होती. स्पर्धेत पहिलं यावं वगैरे तिला काही नव्हतं.

आमचे सकाळचे आठ म्हणजे नागपूरचे रात्रीचे साडेआठ. एका सकाळी सुजाता रेवाला सोडायला आली आणि तेवढ्यात तिकडून फोन आला. आजीची लेक, म्हणजे रेवाची वनिता आत्या, रडकुंडीला आली होती. "वहिनी, आई केव्हाची काहीतरी मागून राहिली. मला समजूनच नाही राहिलं. पाणी दिलं, गोळी दिली, उशी दिली, सगळं फेकून देते." मागे आजी दिसत होती. घामेजलेली, संतापलेली, हात हलवत होती. "ते… ते… गवत," ती म्हणाली.

"गवत कुठून आणू आई आता?"

रेवा आईच्या कोपरापाशी उभी होती. ती एकदम मराठीत म्हणाली, "आत्या, नाव नको विचारू. वळसा विचार."

आम्ही दोघी बघतच राहिलो. मी आतून आणखी एक खुर्ची आणली, तिच्यावर डबा ठेवून त्याला फोन टेकवला. रेवा समोर बसली, अगदी मी बसते तशी. "आजी, ते खायचं आहे?" आजीने मान हलवली, नाही. "घरात आहे?" हो. "गवत. मग?" आजीने डोळे मिटले. "ओलं," ती म्हणाली. मग लांब श्वास घेतला, नाकाने.

मला सापडलं होतं. नागपूरच्या कुठल्याही माणसाला सापडलं असतं. तोंड उघडू नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडाशी धरला. इतकी वर्षं मुलांना नियम शिकवला, पण तो पाळणं किती कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं.

रेवाने मागे वळून कूलरकडे पाहिलं. ती नाव बोलली नाही. उठली, कूलर चालू केला, फोन उचलून त्याच्यासमोर नेला आणि म्हणाली, "त्याच्यासमोर बोललं की आवाज हलतो." आणि तिने "आऽऽजीऽऽ" केलं. तिकडे आजी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वनिता धावत जाऊन कूलरमध्ये पाणी भरायला लागली, ते संपलं होतं आणि कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्याकडे तीन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. तिसरीवर फोन, आणि फोनमध्ये माझी सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. सुजाताने विचारलं, "मावशी, स्पेलिंगचं काय?" मी म्हटलं, "थांब थोडी." ती थांबली, हे तिचं मोठेपण. आजी एक-एक तुकडा टाकायची आणि रेवा त्याच्याभोवती फिरायची. कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी दोन्हींची भेळ. चहा, वांगं, दारावरचा भंगारवाला, सगळं सापडलं. गंमत म्हणजे वळशाच्या खेळात शब्द न सापडणं हा दोष नसतोच. आजी इतर ठिकाणी आजारी होती, आमच्या तिसऱ्या खुर्चीवर ती तरबेज खेळाडू होती. आणि रेवा, जी बाईंपुढे तोंड उघडत नव्हती, ती आता माझं बोलणं मध्येच तोडायला लागली होती.

मग एका सकाळी आजीने स्वतःहून हात वर केला. आज शब्द तिचा. ती पलंगावर बसली होती. तिने दोन्ही पाय कष्टाने लांब पसरले, पायांवर काहीतरी आडवं धरल्यासारखं केलं आणि चांगल्या हाताने त्यावर ओतलं. "पाणी," ती म्हणाली. "ऊन ऊन… रडली." मग थांबून, "मग हसली."

वनिता म्हणाली, "कपडे धुवायचे का?" रेवाने विचारलं, "मांजर?" आजी मान हलवत राहिली आणि पुन्हा पुन्हा ओतत राहिली. माझ्या मागे सुजाता उभी होती. तिचा हुंदका फुटला तेव्हा मी वळून बघितलं.

रेवाच्या वेळेला आजी इथे चँडलरला आली होती. अपार्टमेंटमध्ये न्हाणीघर कुठलं? आजी बाथटबमध्ये पाट टाकून बसायची, पाय पसरून त्यावर बाळाला पालथं घालायची, तेल चोळायची आणि तांब्याने ऊन पाणी ओतायची. बाळ आधी घर डोक्यावर घ्यायचं आणि मग हसायचं. सुजाताने ते सगळं रडत रडत रेवाला सांगितलं. आपल्याकडे कोणाला यात नवल नाही. पण त्या मुलीने कुठल्याही बाळाला असं न्हाताना पाहिलेलं नव्हतं.

रेवाला शब्द सापडला. तो शब्द तीच होती. आता नियमाप्रमाणे तिने पदरचं काही घालायचं. आजी फोनमधून तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती. रेवाने खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आय डोन्ट हॅव एनीथिंग टू ॲड. आय डोन्ट रिमेंबर इट." आणि पुढे म्हणाली, "आय हॅव टू गो अँड गेट इट."

त्यांच्या घरात पुढचे काही आठवडे काय झालं असेल ते मी अंदाजाने सांगू शकते. नीलेशला रजा आणि स्टॅम्पिंग दोन्ही जमत नव्हतं. सुजाता एका दुपारी एकटीच माझ्याकडे आली. "मावशी, मी आणि रेवाच जाऊ का? परत येताना अडकलो तर? तुम्हीच सांगा." मला तिला सांगायचं होतं, नको जाऊस. मला रोज सकाळी आठला ती पोर हवी होती. माझी नात नोव्हायहून रविवारी "हाय, लव्ह यू" म्हणते आणि फोन ठेवते. रेवा मला मराठीत उलट बोलायची. एवढं सुख मला या देशात बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. मी चहा ठेवला, आलं किसलं, दूध उतू जाऊ दिलं आणि शेवटी म्हटलं, "जा. घरशाळेचा फायदा काय मग? शाळा बॅगेत भरून नेता येते."

त्या गेल्या. उन्हाळ्यापुरत्या म्हणून गेल्या आणि तिथेच रमल्या. नीलेश इकडे एकटा राहतो, रविवारी माझ्याकडे जेवायला येतो आणि बातम्या सांगतो. रेवा आजीला रोज खेळवते. शेजारच्या घरात बाळ झालं आहे आणि आजीने पाटावर बसून, वनिताच्या हातांनी, रेवाच्या देखत त्याला न्हाऊ घातलं. रेवा म्हणे पाणी ओतायला होती. आजीने तिचं नाव अजून घेतलेलं नाही. पण आता ती पाय पसरते आणि रेवा येते.

माझ्याकडे दुसरी मुलं येतात. चांगली आहेत. ईशान मोठा झाला, कधीमधी वॉल्टरची संत्री आणून देतो, ती मी अजूनही गोड मानून घेते. पण कूलरसमोर कोणी "आऽऽ" करत नाही. सगळ्यांना एसीत बसायचं असतं.

परवा सकाळी आठला फोन वाजला. नागपूर. पडद्यावर रेवा होती आणि शेजारी आजी, दोघी एकाच बाजेवर बसलेल्या. रेवाची वेणी कोणीतरी घट्ट घातली होती. "मावशी, जय भीम. आज आमचा शब्द आहे. तू ओळख." आणि तिने आजीला कोपराने ढोसलं.

"लांब," आजी म्हणाली. शब्द शोधायला तिने वेळ घेतला, आम्ही दोघींनी दिला. "ऊन… आपल्यासारखं. गवताचा वास."

"नाव सांगत नाही, सांगू पण देत नाही," रेवा म्हणाली. "आई सांगते, दूध उतू घालवते. तिला सगळं माहीत असतं आणि ती तोंडात पदर धरून बसते."

आजीने बोट उचललं, तिचं अजून राहिलं होतं. "एकटी," ती म्हणाली.

मला शब्द सापडला होता. दोघी माझ्याकडे बघत होत्या. नियम माझाच, तेव्हा सुटका नव्हती. आधी मी कूलर चालू केला. मग पदरची एक गोष्ट त्यात घातली.

"सकाळी आठला ती अजून तीन खुर्च्या मांडते," मी म्हटलं, "आणि एकीवर बसते."